लांज्याला आजोबांची जमीन आहे. नोकरी सोडून जावं का, आणि गेलो तर आधी काय करावं?

कल्याण_शीळ_रोड

नमस्कार. बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय.

वय 35. डोंबिवली पूर्वेला वन बीएचके, हप्ता 19 हजार, अजून नऊ वर्षं. महापेला सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतो. जाऊन-येऊन रोज तीन-साडेतीन तास रस्त्यात. बायको घरी शिकवण्या घेते. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल.

लांजा तालुक्यात आजोबांचं गाव, आडवली स्टेशनपासून सातेक किलोमीटर. सातबाऱ्यावर 1 हेक्टर 12 आर. त्यात भाताची जागा 22 गुंठे, बाकी सगळं वरकस (उतारावरची हलकी जमीन). नावं 23. आजोबा 1998 ला गेले, पण सातबाऱ्यावर अजून हयात आहेत. घर मातीच्या भिंतींचं, मागची पडवी बसलीय. विहीर शेजारच्यांबरोबर सामायिक.

शिल्लक 11 लाख. डोक्यात आहे ते असं : पहिल्याच पावसाळ्यात काजूची 200 कलमं, थोड्या गावठी कोंबड्या, आणि पुढे होमस्टेच्या दोन खोल्या. एप्रिलमध्ये पगारवाढ झाली की राजीनामा. बायको तयार आहे, आई नाही.

प्रश्न एवढाच की आधी कशाला हात घालू? घर, विहीर की कलमं? "जा, आयुष्य जगून घे" हे मित्र रोज सांगतातच. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहावं.

---

पऱ्ह्याकाठचा

200 कलमं लावा, 200 वांदर येतील. होमस्टेला गिऱ्हाईक कुठून आणायचं हा प्रश्न सुटला.

---

निवृत्त_मंडळ

मी महसूल खात्यात होतो, म्हणून कागदापुरतं लिहितो.

आजोबा सातबाऱ्यावर आहेत याचा अर्थ 1998 पासून वारस नोंद झालेली नाही. ती आधी करा. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. फेरफाराची नोटीस निघते, 15 दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. तुमचे वडील हयात असतील तर नाव त्यांचं लागेल, तुमचं नाही. आणि आत्यांची नावं लागणारच. "आत्या काही मागणार नाही" हे वाक्य मी नोकरीत फार ऐकलं. मागत नसेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या, तोंडी काही धरू नका.

त्यानंतर वाटप. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 85 खाली तहसीलदाराकडे अर्ज करून होतं. एक जरी अडला तरी दिवाणी न्यायालय, आणि तिथे वर्षं मोजायची नसतात. मोजणी, हद्दीच्या खुणा, पोटहिस्सा हे सगळं त्याच्या पुढचं.

शेजारची जमीन विकत घेऊ असा विचार असेल तर तोही हे झाल्यावर करा. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कूळ कायद्याचं कलम 63 वाचून ठेवा.

---

खळ्यातली_बाय

कल्याण_शीळ_रोड, तू माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस म्हणून एकेरीत लिहिते. राग मानू नकोस.

मी मूळची कुर्ल्याची. 22 वर्षं एका विमा कंपनीत टायपिस्ट होते, त्यातली शेवटची दहा नुसते शिक्के मारण्यात गेली. सासर लांजा तालुक्यातच. 2016 च्या मे महिन्यात सासूबाई खळ्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि मुंबईत येऊन खाटेवर मरणार नाही म्हणून हटून बसल्या. मी आले ती तीन महिन्यांसाठी. शेतीचं स्वप्न वगैरे काही नव्हतं, सांडग्या मिरचीपलीकडे मी काही पिकवलेलं नव्हतं, आणि ती मिरचीही मंडईतली. नवरा ठाण्यात नोकरीवरच राहिला. तो 2021 ला निवृत्त होऊन आला. म्हणजे पाच वर्षं दर महिन्याला पगार येत होता. गावाला गेलेल्यांचे व्हिडिओ तू बघत असशील. त्यात कॅमेऱ्यामागे असा एखादा पगार असतो, तो दिसत नाही. काजूने आम्हाला पोसलं असं मी म्हणणार नाही, पगाराने काजूला पोसलं.

आता तुझी कलमं. आमच्या सातबाऱ्यावर 31 नावं होती. मी 2016 च्या पावसात वेंगुर्ला 4 आणि वेंगुर्ला 7 मिळून 120 कलमं लावली. कुठे? तर जिथे आमच्या घरची वहिवाट होती त्या वरकसात. सासूबाई म्हणाल्या, "आपलीच ती जागा, तुझे सासरे तिथे नाचणी करायचे." वहिवाट आपली, पण नाव सगळ्यांचं, हा फरक मला शिक्के मारून मारूनसुद्धा कळला नव्हता. पाच वर्षांनी वाटप झालं तेव्हा 26 झाडं चुलत दिरांच्या हिश्शात गेली. धरायला लागलेली. भांडण झालं नाही, ते सज्जन आहेत, पण अजून मार्च महिन्यात त्यांची मुलं तिथे बी वेचत असतात आणि मी गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) अलीकडून बघते.

वर निवृत्त_मंडळ यांनी लिहिलंय ते सगळं बरोबर. फक्त त्या "सगळे राजी असतील तर"च्या आत काय काय असतं ते मी सांगते. आमचे सहहिस्सेदार परळ, नालासोपारा, वापी आणि एक थेट मस्कतला. सगळे एकत्र येतात ते गणपतीत. म्हणून मी पहिल्या वर्षी गणपतीत विषय काढला. चूक! गणपतीत माणूस पाच दिवसांसाठी येतो, त्याला भजन, नवी साडी, उकडीचे मोदक हवे असतात, आणि ही बाई स्टॅम्प पेपरचं बोलते. थोरले दीर जेवता जेवता उठले. पुढची दोन वर्षं मी तोंड उघडलं नाही. सामायिक आंब्याच्या दोन झाडांचे आणि जुन्या काजूंचे पैसे मात्र वहीत लिहून, वाटे करून, ज्याचा त्याला देत राहिले. मस्कतवाल्यांचा 340 रुपयांचा वाटासुद्धा पाकिटात घालून ठेवला होता. चौथ्या वर्षी थोरल्या दिरांनी स्वतः विचारलं, "काय ते कागदाचं म्हणत होतीस?"

तू गाव कधी पाहिलंयस? गणपतीत आणि मे महिन्यात ना? मग तू आषाढ पाहिलेला नाहीस. पाऊस पडतो हे ठाऊक असणं वेगळं. झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य नाही. कपडे चुलीवरच्या माळ्यावर वाळतात आणि मुलीचा गणवेश धुराचा वास मारतो. लाकूडफाटा मे महिन्यात भरून ठेवला नसेल तर ओल्या लाकडाने डोळे फुटतात. लाईट जाते ती कुठल्या तरी दरीतल्या खांबावर फांदी पडून, आणि वायरमन एकटा, गावं बारा. तौक्ते वादळाच्या वेळी (मे 2021) आमच्याकडे चार दिवस काळोख होता, आम्ही समुद्रापासून इतके आत असून. मातीच्या भिंतीचं पण सांगते. मागची पडवी बसलीय म्हणतोस, तर तिथली माती दर पावसात थोडी थोडी आत सरकत असणार. एका पावसाळ्यात पहाटे साडेतीनला आमच्या न्हाणीची भिंत गेली. आवाज होत नाही रे फारसा, नुसतं कोणीतरी मोठा उसासा टाकल्यासारखं.

म्हणून घर, विहीर की कलमं यातलं मी काहीच सांगत नाही. राजीनामा देऊ नकोस. जून ते सप्टेंबर गावात राहा. बिनपगारी रजा काढ, घरून काम मागून बघ, काय वाट्टेल ते कर, पण एक सबंध पावसाळा बायको-मुलीसकट तिथे काढ. आमच्या शेजारच्या आजी मला पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "बाय माजे, पावसात ऱ्हावन बघ, मग बोल." मी मनात म्हटलं, म्हातारी खडूस आहे.

आणि त्याच्या आधी, मार्चच्या शेवटी एकदा जाऊन विहिरीत दोरी सोड. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, पण जांभ्याच्या कातळातून तो चाळणीतून गेल्यासारखा जातो. एप्रिल-मेमध्ये आमच्या वरच्या वाडीला टँकर येतो. कलमांना पहिले दोन उन्हाळे तरी पाणी लागतं. 200 कलमं, झाडामागे आठवड्याला एक कळशी धर, 15 लिटर. म्हणजे आठवड्याला 3000 लिटर, सामायिक विहिरीतून, शेजाऱ्यांच्या देखत, ऐन मे महिन्यात. कोण काढू देईल? मी 120 लावली तेव्हा हा हिशेब केला नव्हता. तेव्हा आम्ही खाली पऱ्ह्यावर (ओढ्यावर) सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून बंधारा घातला, वाडीतले सहाजण आले, मी पोहे आणि चहा केला. ते पाणी मार्चअखेरपर्यंत पुरलं. पुढे एप्रिल-मे डोक्यावरून.

वांदरांचं मात्र पऱ्ह्याकाठचा म्हणतो तेवढं काजूला नाही. ते बोंड चावतात, बी खाली टाकतात, उलट वेचायला सोपी. खरा त्रास भाजीला, नारळाला आणि घराच्या कौलांना. मी दुधी, पडवळ लावणं सोडलं. केलटी (लाल तोंडाची माकडं) तर कोंबड्यांची अंडीही ठेवत नाहीत. रानडुकरांनी एका रात्रीत अख्खं कणगर (कंदाचं पीक) उकरलं होतं.

काजूचा घात वणव्याने होतो. 2020 च्या फेब्रुवारीत दुपारी दोनला धूर दिसला. पलीकडच्या डोंगरावर कोणीतरी गवत पेटवलं होतं, वारा आमच्या दिशेने. मी, दोन पोरं आणि एक सत्तरीचे काका ओल्या टाळांनी (पाल्याच्या फांद्यांनी) झोडपत होतो. 31 झाडं करपली. दोष माझाही होता, जाळरेषा काढली नव्हती. मजूर मिळाला नाही म्हणून जानेवारीतली गवतकाढणी मी पुढे ढकलली होती. आता पोळीभाजी राहिली तरी चालेल, पण डिसेंबर संपायच्या आत बागेभोवती दहा हात पट्टा साफ झालाच पाहिजे.

आता आकडे सांगते. तुटफूट, वणवा, वाटप जाऊन आणि मधे लावलेली धरून आज माझ्याकडे 80 झाडं धरती आहेत. पुस्तकात झाडामागे 15 किलोच्या वर लिहिलेलं असतं. मला सरासरी सहा पडते. ढेकण्या किडीने मोहोर काळा केला तर चार. गेल्या हंगामात 470 किलो बी झाली, किलोला 120 धर. छप्पन हजार. यातून गवतकाढणी, फवारणी, खत, वेचणी गेली की हातात तीसेक हजार राहतात. महिन्याचे नव्हेत, वर्षाचे. तुझा हप्ता 19 हजार आहे. गुणाकार तू कर, तू इंजिनिअर आहेस.

घर चालतं ते दुसऱ्याच गोष्टींवर. आमसुलं, कोकमाचं आगळ, फणसपोळी, कुळथाचं पीठ. अन्न परवान्याची साधी नोंदणी करून घेतली आहे. माझी जुनी ऑफिसातली माणसं, त्यांच्या सोसायट्या, दरवर्षी मे महिन्यात यादी येते. शिक्के मारताना जोडलेली माणसं अशी कामाला आली.

---

कल्याण_शीळ_रोड

काकू, (ताई म्हणू का?) हे सगळं बायकोला वाचून दाखवलं. ती दोनदा हसली आणि न्हाणीच्या भिंतीपाशी गप्प झाली.

काल वडिलांशी बोललो. आजोबांच्या वारसांत तीन आत्या आहेत. एक आत्या 20 वर्षं आमच्याशी बोलत नाही, कारण कोणालाच नीट आठवत नाही, बहुतेक एका लग्नातल्या आहेरावरून.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शाळेचं काय? आणि दवाखान्याचं? आईचा सगळा विरोध या दोन मुद्द्यांवर आहे.

---

मुरबाडहून_परत

आम्ही मुरबाडजवळ तीन वर्षं काढून परत आलो, म्हणून लिहितो. शेती बरी चालली होती. वडिलांचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा कल्याण. सहा महिन्यांत गाडी आणि मी दोघंही थकलो. आपण परत येऊ शकतो एवढी सोय ठेवा. डोंबिवलीचा फ्लॅट विकू नका, भाड्याने द्या. हप्त्यातला थोडा भारही उतरेल. आम्ही विकला होता.

---

खळ्यातली_बाय

ताई म्हण. काकू म्हणणारे इथे पुष्कळ आहेत.

शाळा. आमच्या वाडीची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, पट 9, दोन शिक्षक. पहिली आणि दुसरी एका खोलीत. नऊ मुलं असली की शिक्षकाला प्रत्येकाच्या घरी काय शिजलंय तेही माहीत असतं, त्यामुळे लिहायला-वाचायला शिकतात ती मुलं. पण तुझ्या मुलीच्या वयाची मुलगी वर्गात असेलच असं नाही. आमच्याकडे एक होती, तिच्या वर्गात ती एकटीच. स्नेहसंमेलनात एकटीने कोळीनृत्य केलं बिचारीने. पट कमी म्हणून शाळेचं काय होईल ही टांगती तलवारही असते. पाचवीपासून हायस्कूल पाच-सहा किलोमीटर, एसटीच्या वेळेवर. पावसाळ्यात साकवावरून (छोट्या पुलावरून) पाणी गेलं की सुट्टी. तुझ्या गावची शाळा चालू आहे का, पट किती, हे आजच फोन करून विचार. बायको शिकवण्या घेते म्हणालास ना, तिची तिथे फार गरज पडेल. पैसे मात्र तांदळाच्या नाहीतर अंड्यांच्या रूपाने येतील.

दवाखाना. साध्या तापाला प्राथमिक आरोग्य केंद्र, पुढचं लांज्याला, आणि गंभीर काही असलं तर रत्नागिरी, लांज्यापासून 40-45 किलोमीटर. आईला बीपी-साखर असेल तर गोळ्या दोन महिन्यांच्या आणून ठेवायच्या. सापांचं घाबरवायला सांगत नाही, पण गडग्याच्या दगडांत फुरसं असतं, वीत-दोन वीत लांब, आणि पाचोळ्यात दिसत नाही. त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, त्यामुळे बाहेरून काही वाटलं नाही तरी वेळ घालवायचा नाही. आमच्या पुतण्याला बोटाला चावलं. घरच्यांनी आधी मंत्राने विष उतरवणाऱ्याकडे नेलं, त्यात तास गेला. मी रिक्षा बोलावून सरळ रुग्णालयात नेलं, सर्पविषावरची लस दिली, पोरगं वाचलं. माझ्याशी मात्र त्याची आजी महिनाभर बोलली नाही, मंत्र अर्धा राहिला म्हणून. आता तोच पुतण्या माझ्या बागेत गवत कापतो, आणि रिक्षावाल्याचा नंबर आमच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेला आहे.

न बोलणाऱ्या आत्यांकडे वडिलांना पाठव. तू जाऊ नकोस, तू गेलास की जमीन मागायला आला असं होईल. वडील नुसते भेटायला जाऊ देत, कागद न घेता. दोनदा. जाताना गावचं काहीतरी ने म्हणावं. एप्रिलात त्या जमिनीतला फणस निघत असेल तर तोच. त्यांच्या बापाच्या झाडाचा फणस 20 वर्षांत त्यांनी खाल्ला नसेल.

होमस्टेबद्दल मी काही बोलले नाही कारण त्यातलं मला कळत नाही. पाहुणे आले की मला त्यांचं करावं लागतं, पैसे देऊन आले तर अजून करावं लागेल, एवढंच सुचतं. कोंबड्या मात्र कर. दहाच आण, रात्री कोंडायचं खुराडं चिऱ्याचं बांध, लाकडाचं नको, मुंगूस दात लावतं.

मुरबाडवाल्यांचं फ्लॅटचं ऐक.

येणार असशील तर जूनच्या पहिल्या आठवड्यात ये, मृग लागायच्या आत. दिवा-सावंतवाडीने आलास तर आडवलीला उतर, तिथून रिक्षा आधी सांगून ठेवावी लागते. पहिले चार दिवस घर साफ होईपर्यंत आमच्याकडे जेवायला या, तिघंही. पेजेला मुलगी तोंड वाकडं करेल, करू दे. आणि गमबूट आण. तुझा नंबर नऊच्या पुढे असेल तर डोंबिवलीहूनच घे, लांज्यात मोठ्या मापाचे मिळाले नाहीत म्हणून माझ्या नवऱ्याने पहिला पावसाळा स्लीपरवर काढला.